घरची बोली आणि शाळेची भाषा

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतील भाषण)



मृगाचा पाऊस सुरू झाला की शाळांचे दरवाजे उघडतात. पहिलीच्या वर्गात बाकीची मुले गुरुजींभोवती गलका करीत असतात आणि कातकरीवाडीवरून आलेले एखादे मूल दाराजवळ भिंतीला पाठ लावून मुकाट्याने बसलेले असते. नाव विचारले तरी ते मान खाली घालते. काही आठवडे असेच गेले की हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात; आणि ‘मूल मंद आहे’ किंवा ‘पालकांनाच आस्था नाही’ असा शेरा सहज मारला जातो. हा शेरा कितपत न्याय्य आहे, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

तेच मूल वाडीवर पाहावे. तेथे त्याच्या तोंडाला खळ नसतो. ओढ्यातील मासे, बिळातील खेकडे, रानातील कंद यांविषयी ते मोठ्या माणसाच्या तोडीचे बोलते. परंतु ते बोलते कातकरी बोलीत. ही बोली मराठीशी नाते सांगणारी असली, तरी तिचे शब्द, प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे पाठ्यपुस्तकातील भाषेपासून पुष्कळच निराळी आहेत. शाळेत येणाऱ्या इतर मुलांना घरची भाषाच थोड्या फरकाने पुस्तकात भेटते. या मुलाला मात्र अक्षर आणि भाषा ही दोन्ही ओझी एकाच दिवशी उचलावी लागतात. त्याचे मौन हे मंदपणाचे लक्षण नसून अपरिचयाचे लक्षण होय.

गणिताचे उदाहरण घ्यावे. समजा, पुस्तकात प्रश्न आहे: ‘रामजवळ ८ पेरू होते. त्यांपैकी ३ त्याने वाटून टाकले. किती उरले?’ मूल गप्प राहते आणि गणितात कच्चे ठरते. त्याच मुलासमोर ८ खडे मांडून, ‘हे खेकडे’ असे सांगून, त्यांतील ३ बाजूला सारले तर ते ५ बोटे पुढे करते. अडले होते ते ‘त्यांपैकी’ आणि ‘उरले’ या शब्दांपाशी. प्रश्न न कळणे आणि उत्तर न येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे निष्कारण एक मूल शाळेस मुकते.

या बाबतीत कायद्याचा आधारही स्पष्ट आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी पुरविण्याचा प्रयत्न राज्याने व स्थानिक प्राधिकरणांनी करावा, असे १९५६ साली संविधानात समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-अ सांगतो. शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात म्हटले आहे. मार्गही अनोळखी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांत काम केले. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच पाड्यावरील अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर नेली. जे स्थळाच्या बाबतीत साधले, तेच भाषेच्या बाबतीत साधावयाचे आहे.

त्यासाठी खर्चाची गरज नाही. प्रथम शिक्षकाने एक शब्दवही ठेवावी. वाडीवरील माणसांना विचारून घर, पाणी, भूक, ये, बस, दे अशा नित्याच्या शब्दांची कातकरी रूपे तीत लिहावी आणि वर्गात वापरावी. आपल्या बोलीतला एक शब्द गुरुजींच्या तोंडून ऐकला की मुलाची भीती निम्मी होते. दुसरे, पहिल्या सत्रात मुलाने बोलीत दिलेले उत्तर बरोबर मानावे आणि तेच वाक्य प्रमाण मराठीत हळूच म्हणून दाखवावे. चूक म्हणून खोडू नये, वर्गाला हसू देऊ नये. तिसरे, चौथी-पाचवीतील वाडीवरच्याच एखाद्या मुलास दुभाष्या करावे. त्यामुळे त्याचाही मान वाढतो. चौथे, नवा शब्द वस्तू, चित्र वा कृती यांच्या जोडीनेच द्यावा.

इंग्रजीलाही हेच सूत्र लागू आहे. २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते; या मुलाला ती तिसरी भाषा ठरते. तेव्हा घोकंपट्टी न करविता, ‘उभा राहा’, ‘दार उघड’ अशा सूचना इंग्रजीतून देऊन त्या कृतीने करवून घ्याव्यात. बोलण्याची घाई करू नये. कान आधी तयार होतो, जीभ मागाहून.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर वा कोळसा पाडण्यास जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाण्यापूर्वी मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे. परतल्यावर पहिल्या दिवसापासून धडे न गिरवता, त्यास काय येते हे त्याच्या बोलीत विचारावे.

बोलीचा आदर म्हणजे मराठीची उपेक्षा नव्हे. सातबारा, शिधापत्रिका आणि भट्टीवरच्या उचलीचा हिशेब ही सारी मराठीत लिहिलेली असतात. ती ज्यास वाचता येत नाहीत, त्याला दुसऱ्याने लिहिलेल्या आकड्यावर अंगठा उठवावा लागतो. म्हणून प्रमाण मराठीच्या तीरावर प्रत्येक मुलास पोहोचविलेच पाहिजे. मात्र साकव दोन्ही तीरांना टेकलेला असावा लागतो.

याच महाडात १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी सर्वांचे आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी पिऊन जगास दाखविले. विद्याही तशीच सर्वांची आहे. दाराजवळ बसलेल्या मुलापर्यंत ती पोहोचते की नाही, यावरच प्राथमिक शिक्षकाच्या कार्याची खरी पारख होईल.