डिर्क ऊर्फ थिओडोरस ऊर्फ रिचर्ड

मिशिगनमधल्या एखाद्या जुन्या दफनभूमीत दगडावर ‘रिचर्ड’ असं नाव कोरलेलं असतं. त्याची पणती मूळ शोधायला निघते आणि नेदरलँड्सच्या जन्मनोंदींत रिचर्ड धुंडाळत बसते. तो तिथं सापडत नाही. सापडणार तरी कसा? गावात त्याला सगळे डिर्क म्हणत. घराणं कॅथलिक असेल, तर बाप्तिस्म्याच्या वहीत पाद्रीबुवांनी लॅटिन थाटात ‘थिओडोरस’ लिहिलेलं असतं. अमेरिकेत डिर्कचा डिक होतो आणि डिक म्हटल्यावर जनगणनेचा कारकून ‘रिचर्ड’ लिहून मोकळा होतो. एका माणसाची तीन कागदांवर तीन नावं, आणि त्यातलं एकही खोटं नाही.

असं झालं की लोक साहजिकच आडनावाकडं वळतात. डच पूर्वजांच्या बाबतीत हीच वाट सगळ्यांत फसवी. सतराव्या शतकात हडसन नदीच्या काठी येऊन राहिलेल्या बहुतेक डच माणसांना आडनावच नव्हतं. आपल्याकडं स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि मग आडनाव अशी तीन डब्यांची गाडी असते. त्यांची गाडी दुसऱ्या डब्यावरच संपायची. क्लासचा मुलगा पीटर म्हणजे पीटर क्लासेन. पीटरचा मुलगा यान झाला, तर तो यान पीटरसेन. पिढी बदलली की शेवटचं नाव बदललं.

१६३७ साली असाच एक पीटर क्लासेन कोवळ्या वयात नोकर म्हणून तिथं पोचला. पुढं १६६४ मध्ये ही डच वसाहत इंग्रजांच्या हाती गेली, न्यू अॅमस्टरडॅमचं न्यूयॉर्क झालं आणि डच कुटुंबं हळूहळू कायमची आडनावं धरू लागली. पीटरनं वायकॉफ हे नाव घेतलं. ब्रुकलिनमधलं त्याचं लाकडी घर आजही उभं आहे. न्यूयॉर्क शहरातली सगळ्यांत जुनी इमारत म्हणून ते दाखवतात. वायकॉफांचा वंशवृक्ष काढणाऱ्याला १६३७ च्या कागदांत वायकॉफ शोधून काही मिळायचं नाही. तिथं फक्त क्लासचा पोरगा आहे.

मग धरायचं काय? तर पहिलं नावच, जे इतकं निसरडं वाटतं तेच. कारण ते बदलतं, पण मनाला येईल तसं बदलत नाही. शिवाय डच घरात मुलाचं नाव आवडीवर सोडलेलं नसे. रूढी अशी, की पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. मुलींना दोन्हीकडच्या आज्यांची. मान राखला गेला की मग काका, मावशा, आत्या. भावंडांची नावं जन्माच्या क्रमानं मांडली, की आजी-आजोबांची नावं बरीचशी आपोआप पुढं येतात.

हे प्रत्यक्ष पाहायचं तर अमेरिकेचे आठवे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांचं घराणं घ्यावं. त्यांचा जन्म १७८२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचा. घरात बोली डच. इंग्रजी मातृभाषा नसलेले ते एकटेच अमेरिकी अध्यक्ष. चर्चच्या वहीत त्यांचं नाव मार्टेन आहे. त्यांची पत्नीही त्याच गावातली. इतिहासाच्या पुस्तकांत ती हॅना, पण बाप्तिस्म्याला ती होती यानेत्ये. (नवऱ्यानं पुढं लांबलचक आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात तिचा उल्लेखही केला नाही, तेव्हा तिला शोधायला या वह्याच हव्यात.)

आता त्यांची मुलं पाहा. थोरला अब्राहम: मार्टिन यांच्या वडिलांचं नाव अब्राहम. दुसरा जॉन: यानेत्येच्या वडिलांचं नाव योहानेस, त्याचंच इंग्रजी रूप जॉन. आणखी एका मुलाला बापाचंच नाव, मार्टिन. धाकटा मात्र स्मिथ थॉम्प्सन! हे आजोबांचं नाव नव्हे, न्यूयॉर्कच्या राजकारणातल्या एका बड्या न्यायमूर्तींचं आहे. एकाच घरात, दहा वर्षांच्या आत, रूढी कुठवर पाळली आणि कुठं सोडली ते दिसतं. आणि मागं गेलं, तर वंशाचा मूळ पुरुष १६३१ मध्ये आलेला कॉर्नेलिस मासेन. त्याचा मुलगा मार्टेन, नातू पीटर, मग पुन्हा मार्टेन, मग अब्राहम, मग अध्यक्ष मार्टिन. आजोबांचं नाव नातवाला, हा धागा आडनावापेक्षा जास्त टिकला.

रूझवेल्टांचंही तसंच. मूळ पुरुष क्लास मार्टेन्सझेन १६५० च्या सुमारास आला. त्याचा मुलगा निकोलस. क्लास आणि निकोलस ही एकाच नावाची दोन रूपं, हे ठाऊक नसेल तर बापाचं नाव मुलाला दिलं आहे हे ध्यानातच येणार नाही. निकोलसच्या योहानेस या मुलाच्या शाखेत थिओडोर रूझवेल्ट झाले, याकोबसच्या शाखेत फ्रँकलिन. आणि याकोबसचा जेम्स होतो, जेकब नव्हे. इथं नवखे हमखास चुकतात.

रेडिओवर स्पेलिंग दाखवता येत नाही, पण या प्रकरणात कान डोळ्यांपेक्षा कामाचे. डच भाषेत ‘जी’ हे अक्षर घशातून, आपल्या ‘ख’च्या जवळपास उच्चारतात आणि ‘जे’चा होतो ‘य’. म्हणजे घरातला खेरिट इंग्रजी कागदावर गॅरेट होतो, नाहीतर सरळ जॉर्ज. खेर्ट्येची गर्ट्रूड होते. बायकांच्या नावांना ‘त्ये’, ‘ये’, फ्रिजलंडकडं ‘के’ अशी लाडकी शेपटं असतात. हेन्ड्रिक नावाच्या आजोबांना नातू नसला तर नातीला हेन्ड्रिक्ये करून नाव राखतात. अमेरिकेत ती हेन्रिएटा किंवा हॅरिएट होते. नेल्ट्येची नेली, आल्ट्येची अॅलिस, त्रेंत्येची कॅथरीन किंवा टीना.

सुदैवानं डच दप्तरात लग्नानंतरही बाईचं माहेरचं नाव कायम राहतं, थेट मृत्यूच्या नोंदीपर्यंत. अमेरिकेत ते नवऱ्याच्या आडनावाखाली गडप होतं. त्यामुळं अनुभवी शोधक नवऱ्याला बाजूला ठेवून आधी बायकोला गाठतात.

स्थलांतराची दुसरी मोठी लाट १८४७ ची. सरकारमान्य चर्चपासून फुटून निघालेले, बटाट्याच्या रोगानं आणि महागाईनं गांजलेले शेतकरी आपापल्या धर्मोपदेशकांमागून निघाले. व्हान राल्टे यांनी मिशिगनात हॉलंड वसवलं, स्कोल्टे यांनी आयोवात पेला. या लोकांचा शोध तुलनेनं सोपा, कारण १८११ मध्ये नेपोलियनच्या हुकमानं नेदरलँड्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-नोंद सुरू झाली आणि आडनाव नसलेल्यांना ते घ्यावं लागलं. आज या नोंदींचा मोठा भाग घरबसल्या चाळता येतो.

सोपा म्हटलं तरी खड्डे आहेतच. लहानपणी मूल दगावलं, तर त्याचंच नाव पुढच्या बाळाला देत. एकाच आईबापांचे दोन पीटर वहीत दिसतात आणि घाईत पहिल्याची जन्मतारीख दुसऱ्याला चिकटवली जाते. शिवाय आजोबा एक आणि मुलगे पाच असले, की त्याच नावाचे पाच चुलतभाऊ एकाच गावात. अशा वेळी बाप्तिस्म्याच्या वहीतला साक्षीदारांचा रकाना वाचावा. तिथं बहुधा ज्याचं नाव बाळाला दिलं तोच आजोबा किंवा ती आत्या उभी असते.

एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी नावं बदलली ही कहाणी घरोघर सांगतात. स्थलांतरितांची तपासणी करणारं तिथलं केंद्र उघडलं १८९२ मध्ये, आणि तिथले कारकून जहाजाबरोबर आलेली यादी ताडून पाहत. यादी लिहिली जायची ती निघण्याच्या बंदरात. नावं बदलली ती पुढं शाळेत, कारखान्यात, दुकानात, आणि बरेचदा स्वतःहून. डेन हेल्डरला १८६३ मध्ये जन्मलेल्या एदुआर्द विलेम खेरार्द सेसार हिड्डे बोक या मुलाचा अमेरिकेत एडवर्ड बॉक झाला. तोच पुढं ‘लेडीज होम जर्नल’चा गाजलेला संपादक. आपण अमेरिकन कसे झालो, यावरच्या त्याच्या आत्मचरित्राला पुलित्झर मिळालं.

आणि एक गडी असा, ज्याच्यापुढं हे सगळे आडाखे फसतात. एल्व्हिस प्रेस्लीचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर. आपण वेस्ट व्हर्जिनियाचे, असं तो सांगे. प्रत्यक्षात तो ब्रेडा शहरात १९०९ मध्ये जन्मलेला आंद्रेआस कॉर्नेलिस व्हान काइक. आंद्रेआसचा टॉम कुठल्याच कोष्टकात बसत नाही. ब्रेडातल्या नातलगांना तो सापडला मासिकातल्या फोटोवरून. पार्कर वर्षानुवर्षं गप्प राहिला. एल्व्हिसच्या वारसांच्या वतीनं कोर्टकज्जे सुरू झाले, तेव्हा मात्र आपण अमेरिकेचे नागरिकच नाही, सबब आपल्यावर इथं दावा चालत नाही, असं त्याच्याच बाजूनं मांडलं गेलं.