खेळाडूंचे अनुबोधपट : आरसा की तसबीर?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत यशवंतपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारी अधिकाऱ्याने व्याख्यानाला उभे राहिल्यावर एखादा गंभीर, म्हणजे पर्यायाने कंटाळवाणा, विषय घ्यावा अशी एक समजूत आहे. आम्ही आज विषय घेतला आहे तो खेळाडूंवरील अनुबोधपटांचा. तो वरवर करमणुकीचा वाटेल; पण यशवंतपुरातील आपल्या वसाहतींतून रोज पहाटे पाठीवर क्रिकेटच्या पिशव्या घेऊन निघणारी मुले पाहिली, म्हणजे त्यातले गांभीर्य ध्यानात येते. ही मुले थोरामोठ्यांची चरित्रे वाचत नाहीत. ती पडद्यावर पाहतात, आणि तेथे दिसते ते सत्य मानून आपले आयुष्य बेतू लागतात. म्हणून हे पट प्रामाणिक असतात काय, हा प्रश्न आपण वडीलधाऱ्यांनी विचारावयास हवा.

एके काळी मुख्य चित्रपटापूर्वी फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट पाहावा लागे. पैसा सरकारचा आणि आवाजही सरकारचाच, हे कोणापासून लपलेले नसे. त्यामुळे प्रेक्षक त्यातला हवा तेवढा भाग वजा करूनच विश्वास ठेवीत. आजचे पट अधिक देखणे आहेत, अधिक जिव्हाळ्याने बोलतात; मात्र बोलविता धनी कोण, हे त्यांत चटकन उमगत नाही.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. ‘सचिन : अ बिलियन ड्रीम्स’ हा पट 26 मे 2017 रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जेम्स अर्स्किन हे इंग्लंडचे. पण कथा सांगणारा आवाज खुद्द सचिन तेंडुलकर यांचा. घरातल्या खाजगी चित्रफितीही त्यात पाहावयास मिळाल्या. असा ठेवा नायकाच्या संमतीवाचून कोणाच्या हाती लागणार? परंतु ज्याने दार उघडून आत घेतले, त्याच्या घरातील कोनाडे पाहुण्याने किती धुंडाळावेत, यालाही मर्यादा पडतेच.

आमच्या नोकरीतला दाखला देतो. केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याचा वार्षिक मूल्यमापन अहवाल असतो. त्यात आरंभी अधिकारी स्वतःच्या कामाविषयी स्वतः लिहितो. त्यानंतर वरिष्ठ आपले मत नोंदवतात आणि त्यांच्याही वरचे अधिकारी त्याचे पुनर्विलोकन करतात. पहिल्या भागात कोणी सहसा खोटे लिहीत नाही. पण आपल्या फसलेल्या कामांची यादीही कोणी देत नाही. तेवढ्याच भागावर बढती दिली, तर तिला प्रामाणिक निर्णय कोण म्हणेल? नायकाच्या सहकार्याने निघालेला पट हा असा पहिला भाग असतो. तो असत्य नसतो, अपुरा असतो. पुढचे रकाने कोरे आहेत, हे न सांगता तो पूर्ण अहवाल म्हणून पुढे ठेवला जातो, अप्रामाणिकपणा असेल तर तो येथे.

याचे मर्म मुलतानच्या कसोटीवरून कळेल. 29 मार्च 2004 रोजी सचिन तेंडुलकर 194 धावांवर नाबाद असताना भारताचा डाव 5 बाद 675 वर घोषित झाला. तो घोषित करणारे प्रभारी कर्णधार राहुल द्रविड हे मराठी घरातले आणि आपल्या बंगळुरातच वाढलेले. द्विशतक सहा धावांनी हुकल्याची नाराजी तेंडुलकरांनी लपवली नाही. 2014 साली निघालेल्या आत्मचरित्रातही त्यांनी त्या दिवसाविषयी मोकळेपणाने लिहिले. भारताने तो सामना एक डाव आणि 52 धावांनी जिंकला, आणि पाकिस्तानच्या भूमीवरील भारताचा तो पहिला कसोटी विजय ठरला. आता, या प्रसंगाचा पट तेंडुलकरांच्या बाजूने काढला तर ती एक जखम दिसेल. द्रविडांच्या बाजूने काढला तर तेच कर्तव्य दिसेल. दोन्ही पट आपापल्या परीने खरे. पण प्रामाणिक म्हणावा तो, जो दोघांनाही बोलू देईल आणि निवाडा प्रेक्षकांवर सोपवील.

परदेशातही हेच घडले आहे. अमेरिकेचे बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांच्यावरील ‘द लास्ट डान्स’ ही दहा भागांची मालिका 2020 साली आली. त्यांच्या व्यवसायातील सहकारी तिच्या निर्मात्यांत होते. पुढल्याच वर्षी जॉर्डन यांचे जुने जोडीदार स्कॉटी पिपेन यांनी आत्मचरित्रात तक्रार केली, की संघाचा पराक्रम एकट्याच्या खाती मांडला गेला. याउलट दिग्दर्शक अॅलेक्स गिबनी यांनी 2009 साली सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांच्या पुनरागमनाचे चित्रण आरंभले. पुढे उत्तेजक द्रव्यांचे प्रकरण उघडकीस आले, 2012 साली आर्मस्ट्राँग यांची ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. गिबनींनी हाती असलेल्या चित्रणातूनच निराळा पट घडवला आणि 2013 साली तो ‘द आर्मस्ट्राँग लाय’ या नावाने पुढे आणला. शेवटची कात्री नायकाच्या हाती नव्हती, म्हणूनच हे शक्य झाले.

येथे खेळाडूंची बाजूही ऐकली पाहिजे. वर्षानुवर्षे ज्यांच्याविषयी इतरांनी मन मानेल तसे लिहिले, त्यांना आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगण्याचा हक्क आहे. आत्मकथन हा वाङ्मयाचा मान्य प्रकार आहे. आमचे म्हणणे इतकेच, की आत्मकथनास आत्मकथन म्हणावे. त्याला इतिहासाची वस्त्रे चढवू नयेत.

आणि ज्यांच्यापाशी कॅमेराच नव्हता, त्यांचे काय? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले, असे सांगतात. खाशाबा पुढे पोलीस खात्यात राहिले, 1984 साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. त्यांच्या जीवनपटात गहाणखत हवे, कुस्तीही हवी आणि त्यानंतरच्या उपेक्षेची वर्षेही हवीत. नुसत्या पदकाचे चित्र दाखवणे ही त्यांच्याशीसुद्धा प्रतारणाच होईल.

तेव्हा मुलांबरोबर असा पट पाहाल, तेव्हा त्यांना चार प्रश्न विचारावयास शिकवा. पैसा कोणी घातला? चित्रण कोणाच्या परवानगीने मिळाले? ज्याचे नायकाशी बिनसले, तो बोलताना दिसतो काय? आणि नायकाला न आवडणारी एक तरी गोष्ट त्यात शिल्लक राहिली आहे काय? याने श्रद्धा उणावत नाही. उलट अपयशासह ओळखलेला थोर पुरुष मुलांना अधिक जवळचा वाटतो.

शेवटी एक विनंती. आपली ही स्मरणिकाही मंडळाने स्वतःच काढलेला आपला अनुबोधपटच आहे. तिच्यात अध्यक्षांची छायाचित्रे यावीत, नाटकांची आणि गणेशोत्सवांची वर्णने यावीत. पण मतभेदांमुळे दूर गेलेल्या सभासदांची नावेही यावीत, आणि त्यांच्यापैकी हयात असतील त्यांच्याकडून संपादक मंडळाने चार ओळी अवश्य मागवाव्यात. पन्नास वर्षे तग धरलेल्या संस्थेला तेवढे ऐकून घेणे जड जाऊ नये.