वर्ध्याची शिकवण : मतभेद राखून एकत्र येण्याची



ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत परस्परांविरुद्ध उभी राहिलेली दोन घरे पुढे वर्षानुवर्षे एकमेकांच्या मंगलकार्याला जात नाहीत, हे विदर्भातील कोणत्याही तालुक्याला नवे नाही. तीच दरी आज देशभर रुंदावलेली दिसते. आपल्या पक्षाचा माणूस चुकला तरी त्याचे समर्थन करावयाचे आणि दुसऱ्या पक्षाचा माणूस योग्य बोलला तरी त्याच्या हेतूविषयी शंका घ्यावयाची, ही वृत्ती समाजाच्या अंगवळणी पडू लागली आहे. लोकशाहीत मतभेद असणारच. ते नसतील तर मतदानाला अर्थ उरणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की भिन्न मतांची माणसे राष्ट्रकार्यासाठी एका भूमीवर उभी कशी राहणार? आधी सर्वांचे एकमत व्हावे आणि मगच कामाला हात घालावा, असे म्हटले तर तो मुहूर्त कधीच उगवणार नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी वर्धा जिल्हा ही उत्तम पाठशाळा आहे. गांधीजींचे रचनात्मक कार्य, विनोबाजींची साधना, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि संघाची शाखा हे सारे प्रवाह या मातीत एकमेकांच्या शेजारून वाहिले. ते एकरूप झाले नाहीत. परंतु काही क्षणी त्यांचे पाणी एकमेकांत मिसळले. त्यांतील पहिला क्षण डिसेंबर १९३४ चा.

त्या वर्षाची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. डॉ. हेडगेवार हे मुळात काँग्रेसचे कार्यकर्ते. १९२१ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली आणि १९३० मध्ये जंगल सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला होता. वर्ध्याचे जिल्हा संघचालक अप्पाजी जोशी हेही त्या सत्याग्रहात त्यांच्यासमवेत होते. तथापि १९३४ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीने आपल्या सभासदांना संघात जाण्यास मनाई केली. याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गांधीजी काँग्रेसच्या सभासदत्वापासून मुक्त झाले आणि त्यांचे लक्ष अस्पृश्यतानिवारण व ग्रामोद्योग यांवर केंद्रित झाले. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून आरंभलेला त्यांचा देशव्यापी हरिजन दौरा नुकताच पूर्ण झाला होता.

अशा वेळी वर्ध्यात संघाचे हिवाळी शिबिर भरले. सुमारे दीड हजार स्वयंसेवक तंबूंतून राहत होते. गांधीजींचा मुक्काम जवळच होता. शिबिराविषयी कोणाकडून ऐकून मत बनविण्याऐवजी ते २५ डिसेंबरच्या सकाळी स्वतः तेथे गेले. महादेवभाई देसाई आणि मीराबेन त्यांच्यासमवेत होते. त्यांनी स्वयंपाकघर पाहिले, निवासाची व्यवस्था पाहिली आणि मुख्य म्हणजे स्वयंसेवकांना जातीविषयी प्रश्न विचारले. देशभर हिंडूनही जो प्रश्न त्यांना सतावीत होता, त्याचे काही उत्तर येथे मिळते का, हे त्यांना पडताळून पाहावयाचे होते. सर्व जातींचे तरुण एका पंक्तीत जेवत आहेत आणि शेजारचा कोणत्या जातीचा याची त्यांना चौकशीही करावीशी वाटत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वर्ध्यास आले आणि सायंकाळी गांधीजींना भेटले. संघाच्या नोंदीनुसार, हे कार्य काँग्रेसमध्ये राहूनच का केले नाही, असे गांधीजींनी विचारले. स्वयंसेवक म्हणजे सभेच्या खुर्च्या-सतरंज्या उचलणारा बिनपगारी मजूर नव्हे, तर राष्ट्रासाठी स्वेच्छेने सर्वस्व देणारा माणूस, अशी आपली कल्पना डॉक्टरांनी मांडली. भेट संपली तेव्हा दोघेही आपापल्या मार्गावर ठाम होते. कोणी कोणाचा अनुयायी झाला नाही. परंतु अस्पृश्यता नष्ट झाली पाहिजे, या एका भूमीवर दोघांचे पाय टेकले होते.

ही भूमी वर्ध्यात आधीच नांगरलेली होती. जमनालालजी बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये आपल्या कुटुंबाचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले होते. पुढे मे १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यता जर चूक नसेल तर जगात दुसरे काहीच चूक नाही, अशा आशयाचा निःसंदिग्ध विचार मांडला. मंदिर, शिबिर आणि व्यासपीठ ही तीन स्थाने तीन निरनिराळ्या माणसांची. दिशा मात्र एक.

१६ सप्टेंबर १९४७ रोजी दिल्लीत स्वयंसेवकांसमोर बोलताना गांधीजींनी वर्ध्याच्या त्या भेटीची आठवण सांगितली. शिस्त, साधेपणा आणि अस्पृश्यतेचा पूर्ण अभाव यांचा त्यांनी गौरव केला. हा भाग अनेक ठिकाणी उद्धृत होतो. परंतु त्याच भाषणात त्यांनी एक इशाराही दिला होता : त्यागाला शुद्ध हेतूची व खऱ्या ज्ञानाची जोड हवी, आणि या देशात हिंदूंखेरीज कोणालाही स्थान नाही असे हिंदू मानू लागले, तर त्यात हिंदू धर्माचीच हानी आहे. समाईक भूमी शोधणाऱ्याने गौरव तेवढा स्वीकारून इशारा वगळणे योग्य नव्हे. दुसऱ्याचे जे वाक्य टोचते, तेही ऐकून घेण्याची तयारी, ही संवादाची पहिली अट आहे.

या अटीची कसोटी लवकरच लागली. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची निर्घृण हत्या झाली. संघावर बंदी आली. महाराष्ट्रात अनेक निरपराध कुटुंबांची घरे जाळण्यात आली. मार्चमध्ये सेवाग्रामला गांधीजींचे सहकारी जमले, तेव्हा विनोबाजींनी संघाविषयी अत्यंत कठोर शब्द उच्चारले. जुलै १९४९ मध्ये बंदी उठली. मनांतील अंतर कायम होते.

तरीही वाट बंद झाली नाही. १९५१ मध्ये विनोबाजींचे भूदान सुरू झाले आणि नानाजी देशमुख त्या कार्यात सहभागी झाले. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी पाटण्यात जयप्रकाशजींवर लाठी उगारली गेली, तेव्हा ती आपल्या अंगावर झेलणारे नानाजीच होते. एके काळचे संघाचे कठोर टीकाकार जयप्रकाश आणि संघाचा प्रचारक एकाच आघातासमोर उभे राहिले. त्याच काळात सर्वोदय परिवारातच जयप्रकाश आणि विनोबा यांच्या भूमिकांवरून फूट पडली होती. मतभेदाची रेषा केवळ दोन पक्षांमधून जात नाही. ती एका आश्रमातूनही जाते.

याच जिल्ह्यातील आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी पोलीस ठाण्यावर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. तेथील हुतात्म्यांत डॉ. गोविंद मालपे, पंचम गोंड आणि नवाब रशीद खान ही नावे एकत्र आहेत. हुतात्मा स्मारकावर जात, जमात वा पंथ यांची स्वतंत्र रांग नसते. आष्टी-चिमूरच्या त्या काळात तुकडोजी महाराजांनाही तुरुंगात टाकण्यात आले. हेच महाराज १९३६ मध्ये गांधीजींच्या सान्निध्यात सुमारे महिनाभर राहिले होते आणि हेच १९६४ मध्ये विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेला उपस्थित होते. त्यांना कोणत्याही एका गोटात बसविणे कठीण आहे. कारण त्यांनी गोट मोजले नाहीत, गाव मोजले.

या इतिहासाचा अर्थ सरळ आहे. समाईक भूमी म्हणजे दोन मतांच्या मधोमध आखलेली रेघ नव्हे. तिच्यासाठी कोणी आपली श्रद्धा अर्धी सोडावी लागत नाही. जे काम दोघांनाही आवश्यक वाटते ते काम म्हणजेच ती भूमी. दुसऱ्याच्या शिबिरात स्वतः जाऊन पाहणे, मनातील प्रश्न तोंडावर विचारणे, चांगले दिसले तर मोकळेपणाने मान्य करणे आणि न पटलेले स्पष्ट सांगणे, ही तेथे पोहोचण्याची वाट आहे.

आज वर्धा जिल्ह्यात असे काम पुष्कळ आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने २००६ मध्ये विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कर्जाने पिचलेल्या कापूस उत्पादकाच्या दारी जाताना त्याने मत कोणाला दिले हे विचारण्याचे कारण नाही. पावसाचे पाणी शिवारात अडविताना बांधाच्या अलीकडचा कोणत्या पक्षाचा आणि पलीकडचा कोणत्या, हे पाणी पाहत नाही. गावातील शाखेच्या स्वयंसेवकाने सर्वोदयाच्या कार्यकर्त्याला हाक द्यावी, दोघांनी मिळून विरोधी पक्षाच्या सरपंचाचे दार ठोठवावे. मतदानाच्या दिवशी तिघांनी तीन निरनिराळी बटणे दाबली तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बांधावर तिघेही पुन्हा हजर असले पाहिजेत.