सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान

आज थेट मुद्द्यावर येतो. माझ्या साइटवर एक पान होतं. एकूण ट्रॅफिकपैकी निम्म्याहून जास्त ट्रॅफिक त्या एकट्या पानावर यायचं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ते मी स्वतःच्या हाताने काढून टाकलं. का, ते सांगतो.

दिवसा मी पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. रात्री जेवण झालं की स्मिता पाटीलची फॅन साइट सांभाळतो. ती गेली १३ डिसेंबर १९८६ ला, वय फक्त ३१. माझा जन्म १९९७ चा. म्हणजे मी तिला बघितलं ते यूट्यूबवर, तेही हॉस्टेलच्या वायफायवर अडकत अडकत. वेड मात्र आईकडून आलंय. आम्ही धुळ्याचे. स्मिताचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, त्यामुळे तिचा जन्म पुण्याचा असला तरी आमच्या घरात ती कायम ‘आपल्याकडची’.

साइट केली बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला. खरं सांगायचं तर एचटीएमएलचा सराव म्हणून. पण एकदा सुरू केलं आणि त्यात गुंतत गेलो.

फॅन साइट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर फोटोंची गॅलरी येते ना? माझ्याकडे ती नाही. सुरुवातीला होती, गूगलवरून उचललेली. मग कायदा वाचला. आपल्याकडे फोटोवर तो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, आणि सिनेमावर प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं. १९७७ चा ‘भूमिका’ मोकळा होणार २०३८ मध्ये. जुन्या बाजारातून पोस्टर विकत घेतलं तरी आपल्या मालकीचा होतो तो कागद, चित्र नाही. म्हणून मी सगळे फोटो काढले. आता साइटवर फक्त मजकूर आहे आणि लोक मेल करून विचारतात, ‘भाऊ, इमेजेस लोड होत नाहीयेत.’

बाकी कटकटी मजेशीर आहेत. मराठीत आपण ‘पाटील’ लिहितो, हिंदीवाले बरेचदा ‘पाटिल’. एका वेलांटीने माझं सर्च बंद. दुसरी गंमत ‘अकालेर संधाने’ची. मृणाल सेन यांच्या या बंगाली सिनेमात, १९४३ च्या दुष्काळावर सिनेमा करायला एक युनिट खेड्यात येतं. त्यातली नटी म्हणजे स्मिता, आणि तिचं नावही स्मिताच. माझ्या डेटाबेसमध्ये नियम होता की कलाकाराचं नाव आणि भूमिकेचं नाव सारखं असेल तर एरर द्यायचा. मृणालदांनी माझं व्हॅलिडेशन मोडलं.

आणि एका काकांचा मेल, बहुतेक रिटायर्ड असावेत, कारण मेलच्या शेवटी ‘कळावे’ होतं. त्यांचं म्हणणं, ‘चक्र’ तुम्ही १९८१ चा लिहिलाय आणि त्याचा राष्ट्रीय पुरस्कार १९८० चा. सिनेमा येण्याआधी बक्षीस कसं? मला वाटलं, गेलं, चुकलंच. शोधल्यावर कळलं की दोन्ही बरोबर आहेत. राष्ट्रीय पुरस्कारासाठी सेन्सॉर प्रमाणपत्राचं वर्ष धरतात, थिएटरात लागल्याचं नाही. काकांना कळवलं. त्यांचं उत्तर एका शब्दात: ‘ठीक.’

आता त्या पानाकडे येतो.

पानाचं नाव होतं ‘शेवटचे दिवस’. तिचा मुलगा प्रतीक जन्मला २८ नोव्हेंबर १९८६ ला. त्यानंतर पंधरा दिवसांत ती गेली, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने. एवढं सगळ्यांना माहीत आहे. मी काय केलं, तर एका रात्रीत दहा-बारा साइट्स उघडल्या आणि त्यावर दीड हजार शब्द लिहिले. कोण काय म्हणालं, कोणाची चूक होती, घरात काय चाललं होतं. जसा काही मी दाराबाहेर बसलो होतो. वय होतं २१. पान असं चाललं की जाहिरातींतून होस्टिंगचा खर्च सुटायला लागला.

१३ डिसेंबर २०२३ ला आईने स्वतःच्या नव्या फोनवर ‘स्मिता पाटील’ शोधलं आणि ती थेट त्या पानावर पोचली. माझी साइट आहे हे तिला माहीत होतं, वाचली कधी नव्हती. रात्री फोन आला. नेहमीसारखं ‘जेवलास का’ नाही. म्हणाली, ‘हे तुला कोणी सांगितलं रे?’

मी म्हटलं, ‘नेटवर आहे सगळं.’

‘नेटला कोणी सांगितलं?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ती म्हणाली, ‘तुझ्या मावशीचं पण लोकांनी असंच केलं.’

माझी मावशी १९९४ मध्ये बाळंतपणातच गेली. माझ्या जन्माआधी. मला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं. आई म्हणाली की नंतर कितीतरी वर्षं घरी येणारा प्रत्येक जण आजीला तेच विचारायचा. दवाखान्यात उशिरा नेलं का? सासरचे काय म्हणाले? रक्त मिळालं नाही म्हणे, खरं का? ती कशी होती, हे कोणी विचारलं नाही. आणि मग आईच गप्प झाली, कारण मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या रात्री पान काढलं. पण तेवढ्याने भागेना. मग मी डेटाबेसमध्ये प्रत्येक वाक्याला एक रकाना जोडला, हे कुठून आलं याचा. तीनच पर्याय: पाहिलं, छापलं, सांगतात. ‘पाहिलं’ म्हणजे पडद्यावर मी स्वतः. ‘जैत रे जैत’मधली तिची चिंधी, ‘मिर्च मसाला’तली सोनबाई. ‘छापलं’ म्हणजे पद्मश्री १९८५, वगैरे. ‘सांगतात’ म्हणजे ती दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळायची, हा किस्सा. तो मी ठेवलाय, मला फार आवडतो, पण लेबल लावून. जुनं पान हौसेने या चाळणीतून काढून बघितलं. दोन तारखा सोडल्या तर दीड हजार शब्द सगळे ‘सांगतात’मध्ये.

ट्रॅफिक अर्थातच आपटलं. जाहिराती बंद केल्या. होस्टिंग आता पगारातून. अजूनही लोक तेच शोधत येतात आणि त्यांना मिळते कामाची यादी. चिडतात. एकाने लिहिलं, ‘मेन गोष्टच नाही.’ अरे बाबा, बारा वर्षांत या बाईने बेनेगल, सेन, राय, निहलानी, जब्बार पटेल, सगळ्यांकडे काम केलं. मेन गोष्ट कुठली?

मग २०२४ च्या जूनमध्ये ‘मंथन’ पुन्हा थिएटरात लागला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेली प्रिंट, त्याआधी कान महोत्सवात दाखवलेली. हा तोच सिनेमा, ज्याच्यासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले होते. आईला धुळ्याहून बोलावून घेतलं. तिने स्मिताला मोठ्या पडद्यावर कधी बघितलंच नव्हतं. अख्खा सिनेमाभर एक शब्द बोलली नाही, आणि आमची आई म्हणजे सिनेमात बोलणारी बाई!

परत येताना रिक्षात म्हणाली, ‘मावशी अशीच होती. काही विचारलं की आधी बघायची, मग बोलायची.’

मी काहीच म्हटलं नाही. मध्ये तोंड घातलं असतं तर ती थांबली असती.

मग सांगायला लागली. ‘उंबरठा’ दोघींनी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघितला होता. खोली माणसांनी भरलेली. शेवटी सुलभा नवऱ्याचं घर सोडून निघते, तेव्हा आजी मागून ओरडली, ‘पुरे झालं, बंद करा ते.’ शेजारचे काका उठले. त्यांच्या आधी मावशी उठली आणि टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, बटणाला कोणाला हात लावू देईना. सिनेमा संपेपर्यंत हलली नाही.

‘नंतर पाच-सहा वेळा बघितलाय मी तो,’ आई म्हणाली. ‘पण त्या दिवशी शेवट काही दिसला नाही. तिची पाठच दिसत होती.’

चला, एवढंच आज. भेटू पुढच्या भागात.