'हाच चोर' आणि दहा सेंटचा सुपरमॅन

अध्यक्षमहाराज आणि डासांना न जुमानता बसलेल्या श्रोतेहो,

काल याच व्यासपीठावर परराष्ट्र धोरण झालं आणि आज कॉमिक्स, ही घसरण पहिल्या रांगेला पसंत नाही, हे मला इथून दिसतंय. वेताळ, म्हणजे इंग्रजी कॉमिक्समधला फँटम, कोण हे मी सांगत बसणार नाही. कवटीची अंगठी, गुहा, डायना तुम्हाला पाठ आहेत. नाही म्हणणाऱ्यांनी भूगोलाच्या पुस्तकात लपवून काय वाचलं ते आठवावं. (हशा)

वेताळाकडे येईनच, पण आधी सुपरमॅन. जून १९३८ चा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, म्हणजे सुपरमॅनचा जन्म, दहा सेंटला मिळायचा. २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला गेली. का? तर बाकीच्या फारशा उरल्या नाहीत. पोरांनी वाचून चिंध्या केल्या, आयांनी फेकल्या, युद्धात रद्दी गोळा करायची मोहीम निघाली तीत आणखी गेल्या. आता उलटं बघा. १९९२ मध्ये सुपरमॅन मेला.

(श्रोत्यांतून : परत आला की!)

आला हो! पण मृत्यूचा तो अंक काळ्या पिशवीतून विकायला आला, लाखांनी खपला, आणि कित्येकांनी पिशवी फोडलीच नाही. म्हातारपणाची सोय! आज तो कुठंही मिळतो. सगळ्यांनीच जपला, मग दुर्मीळ होणार कसा?

तरी संग्राहक शहाणे होत नाहीत. अंक तपासायला देतात, त्याला दहापैकी गुण पडतात आणि तो कडक प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद होतो. त्या ६० लाखांच्या प्रतीला साडेआठ गुण होते. ती आता कोण वाचणार? मी तिला ममी म्हणतो. माझ्या हिशेबात गुण वाढायचे ते फाटण्याचे, शिक्क्यांचे, तेलकट बोटांचे. हसा, पण माझा मुद्दा हाच आहे.

आपली 'इंद्रजाल कॉमिक्स' मार्च १९६४ ला सुरू झाली आणि १९९० ला बंद पडली. वेताळाच्या बेंगाला देशाचं तीत डेंकाली झालं वगैरे तुम्ही जाणताच. आमच्या वाड्यासमोर एक वाचनालय होतं, दिवसाला दहा पैसे भाडं. अंकाला खाकी कव्हर, पानापानावर जांभळा शिक्का, पावसाळ्यात मधल्या पिना गंजून कागदावर तांबूस डाग. एकदा वेताळाच्या एका अंकात तिसऱ्याच पानावर एका सभ्य गृहस्थाभोवती कुणीतरी पेन्सिलनं गोल केला, बाण काढला आणि लिहिलं, 'हाच चोर'. आळीतल्या सगळ्या पोरांचा रहस्यभंग! आळ आला माझ्यावर. वाचनालयवाल्यांनी अनामत जप्त केली. वडिलांनी काय केलं ते सांगत नाही, समोर माझी नातवंडं बसली आहेत. मी नव्हतो हो. तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो.

(श्रोत्यांतून : मग कोण?)

थांबा. चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' अहो, अजून अमर चित्रकथा राहिली, आबिद सुरतींचा बहादूर राहिला! असो.

पंधरा वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात एका गोणपाटावर वेताळाचा अंक दिसला. मुखपृष्ठ गायब. विक्रेता म्हणाला, "कव्हर नाही म्हणून दोन रुपये सोडतो, वेताळ आहे म्हणून वीस द्या." पान उलटलं तर तोच जांभळा शिक्का. पुढचं पान उलटायला हात धजेना. उलटलं. गोल, बाण, 'हाच चोर'. आणि ते 'च'चं वळण, श्रोतेहो, आमच्या थोरल्या बंधूंचं! ते आज चौथ्या रांगेत बसले आहेत आणि छताकडे बघताहेत. (प्रचंड हशा)

घंटा झाली. अंक इथं टेबलावर आहे, प्लॅस्टिकमध्ये नाही. ज्यांना बघायचाय त्यांनी पुढं या, हात लावा, वाचा. तिसरं पान तेवढं शेवटी उघडा.