कचेरींतील मोकळा पोशाख

कचेरीस निघतांना काय घालावें, हा प्रश्न एके काळीं कारकुनास पडतच नसे. धोतर, लांब कोट, उपरणें आणि डोक्यावर पगडी, पुढें पगडीच्या जागीं टोपी, एवढें झालें कीं तो घराबाहेर पडे. नंतर सदरा आणि पाटलोण आली; तरीहि रीत काय ती सर्वांस ठाऊक असे. आज पुष्कळ खासगी कचेऱ्यांनीं ती रीतच काढून टाकिली आहे. ‘येथें कांहींहि चालतें,’ असें नव्या उमेदवारास हंसतमुखानें सांगण्यांत येतें, आणि तेथूनच त्याच्या अडचणीस आरंभ होतो.

ही मोकळीक मुळांत हवामानाच्या गरजेंतून आली. हवाई बेटांतील कपड्यांच्या व्यापाऱ्यांनीं १९६२ सालीं तेथील विधिमंडळाच्या सभासदांना फुलाफुलांचे शर्ट भेट दिले. १९६६ पासून दर शुक्रवारीं असा शर्ट घालून कामावर येण्याचा प्रघात तेथें पडला. जपानच्या पर्यावरण मंत्रालयानें २००५ सालीं, उन्हाळ्यांत कोट व गळपट्टा उतरवावा आणि वातानुकूलित खोल्यांचें उष्णमान २८ अंशांवर ठेवावें, अशी मोहीम काढिली. ज्या देशांत वैशाखांत लोक घामानें निथळतात, तेथें हा विचार कोणासहि पटेल.

परंतु मोकळिकीची मर्यादा आंखणें सोपें नाहीं. महाराष्ट्र शासनानें डिसेंबर २०२० मध्यें परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांस जीन्स व टी-शर्ट घालण्यास मनाई केली आणि शुक्रवारीं खादी वापरण्यास सुचविलें. पुढील वर्षीं जीन्सवरील मनाई उठविली. टी-शर्टवरील तशीच ठेविली. शासनासहि जी रेषा दुसऱ्यांदा आंखावी लागली, ती एखाद्या तरुणानें पहिल्याच दिवशीं ओळखावी, ही अपेक्षा अवाजवी होय.

नियम लिहिलेला नसला म्हणजे तो नसतोच, असें नाहीं. ज्याच्या घरांत दोन पिढ्या शहरी नोकरींत गेल्या, त्याला तो न सांगतां कळतो. लहान गांवाहून आलेला मुलगा मात्र उसने पैसे काढून नवा कोट शिवतो आणि टी-शर्ट घातलेल्या मंडळींत अवघडून बसतो; किंवा सांगितलेला शब्द खरा मानून विटका सदरा घालून येतो, आणि नेमकें त्याच दिवशीं बाहेरचे गिऱ्हाईक आलें म्हणजे त्याला बैठकींतून वगळण्यांत येतें. कारण त्याला कोणी सांगत नाहीं, आणि दोष आपल्या हुशारीचाच असावा, असें तो समजतो.

अशा उमेदवारानें पहिल्या दिवशीं इतरांहून एक पायरी वरचा पोशाख करावा: इस्त्रीचा सदरा, साधी पाटलोण, पुसलेले जोडे. आठवडाभर आपल्या बरोबरीच्यांकडे पाहावें. मालकाकडे पाहूं नये, कारण त्याला सर्व कांहीं शोभून जातें. आज कोणाची गांठ पडणार आहे, हा विचार रोज सकाळीं करावा. चार सदरे आणि दोन पाटलोणी वेळच्या वेळीं धुतल्या तर त्यांवर वर्ष निभतें. महागाच्या पण मळक्या कपड्यांची छाप पडत नाहीं.

स्त्रियांस हें ओझें अधिक वाहावें लागतें. साडी नेसली तर जुनाट, पाटलोण घातली तर आगाऊ, असे शेरे त्यांच्याच वांट्यास येतात. साडी, सलवार-कुडता कीं पाटलोण, हें ज्या त्या स्त्रीनें आपल्या कामाच्या व प्रवासाच्या सोयीनें ठरवावें. पुरुषांस लागू नसलेली कसोटी त्यांना लावूं नये.

खरी जबाबदारी मात्र वडीलधाऱ्या अधिकाऱ्यांची. ‘कांहींहि चालतें’ म्हणण्याऐवजीं, ‘एरवीं टी-शर्ट चालेल, गिऱ्हाईक येईल त्या दिवशीं सदरा घाला,’ एवढें एक वाक्य त्यांनीं नेमणुकीच्या वेळींच सांगितलें, तर नव्या माणसाचें लक्ष पहिल्या दिवसापासून कपड्यांवर न राहतां कामावर राहील.