ओळखीचे प्राणी आणि अनोळखी इंग्रजी
(प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



आपणा सर्वांपुढे बोलण्याचा माझा अधिकार थोडा निराळा आहे. मी वर्गात शिकवीत नाही, भाषांतर करते. एका भाषेतला आशय दुसरीत नेताना तो कोठे अडतो, कोठे सांडतो, हे पाहणे हे भाषांतरकाराचे नित्याचे काम. लहान मुलाला इंग्रजी शिकवणारा शिक्षकही अशाच दोन भाषांच्या सीमेवर उभा असतो. त्या सीमेवरून मला आज एका साध्या विषयाकडे पाहावयाचे आहे. तो विषय म्हणजे प्राण्यांच्या आधाराने मुलांना इंग्रजीचे शब्द आणि व्याकरण कसे शिकवावे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी आले. त्यामुळे ज्या घरात कोणी इंग्रजी बोलत नाही, अशा घरातले सहा वर्षांचे मूलही ही भाषा शिकू लागले. त्यांतल्या कित्येकांची घरची बोली वारली, भिली किंवा गोंडी असते; त्यांच्या दृष्टीने शाळेतली मराठी हीच मुळी दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. अशा मुलाला पहिल्या काही महिन्यांत काय अनुभव येतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. 'ही भाषा आपल्याला येणार नाही' असे त्याच्या मनाने एकदा घेतले, तर पुढची दहा वर्षे ते त्या तासाला केवळ हजेरीपुरते बसते.

या पहिल्या महिन्यांत प्राणी आपल्या हाताशी असतातच. वर्गाच्या भिंतीवर त्यांचा तक्ता असतो आणि 'कॅट म्हणजे मांजर, डॉग म्हणजे कुत्रा' असा घोष चालू असतो. वर्षाअखेर मुलाला पुष्कळ नावे पाठ होतात. परंतु त्यांपैकी एकाही प्राण्याविषयी त्याला इंग्रजीत एक वाक्य बोलता येत नाही. नावांची यादी म्हणजे भाषा नव्हे. प्राण्यांचा खरा उपयोग यादी संपल्यावर सुरू होतो, हे मला आज प्रामुख्याने सांगावयाचे आहे.

ही कल्पना नवी नाही. आपल्याकडे पंचतंत्रातल्या विष्णुशर्म्याने राजपुत्रांना नीती शिकवताना प्राण्यांनाच बोलते केले. युरोपात कोमेनिअस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांत मजकूर असलेल्या या पुस्तकाच्या आरंभी त्याने मुळाक्षरे दिली, ती मुख्यतः प्राण्यांच्या आवाजांवरून. कावळ्याचे ओरडणे, कोकराचे बेंबटणे हे मुलाच्या कानाला आधीपासून परिचित होते. नवे होते ते फक्त अक्षर. ज्ञात वस्तूच्या खांद्यावर अज्ञात भाषा बसवावी, हे त्याचे सूत्र साडेतीनशे वर्षांनंतरही खरे आहे.

या सूत्राचा पहिला अर्थ असा, की प्राणी मुलाच्या परिसरातले हवेत. तक्त्यावर झेब्रा, याक आणि कांगारू असतात. दाराशी शेळी, म्हैस, कावळा, पाल आणि मुंगी असतात. झेब्रा दाखवताना प्राणीही अनोळखी आणि शब्दही अनोळखी, म्हणजे मुलावर दुहेरी ओझे. शेळीच्या बाबतीत मात्र धनगराच्या मुलाला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक असते. ती काय खाते, केव्हा विते, आजारी पडली तर कशी बसते, हे सारे त्याच्याजवळ असते. नसतात फक्त इंग्रजी शब्द. ज्ञान मुलाचे आणि शब्द शिक्षकाचे, अशी ही देवघेव झाली म्हणजे त्या मुलाची वर्गातली जागा बदलते.

शब्द देताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन भाषांतले शब्द जोडीजोडीने उभे नसतात. आपण घरातल्या लहानमोठ्या दोघांनाही 'उंदीर' म्हणतो; इंग्रजीत लहान तो 'माउस' आणि मोठा तो 'रॅट'. उलट पाल आणि सरडा आपल्याला अगदी वेगळे वाटतात, पण इंग्रजी माणूस साधारणपणे दोघांनाही 'लिझर्ड' म्हणतो. गाईचे वासरू आणि म्हशीचे पारडू असा भेद आपण करतो. इंग्रजीत दोन्ही 'काफ', आणि हत्तीचे पिल्लूसुद्धा 'काफ'च. हे मुलांना सांगावे. प्रत्येक भाषा जगाची वाटणी आपल्या पद्धतीने करते, ही जाणीव त्यांना फार लवकर आणि फार गमतीने होऊ शकते.

आता व्याकरणाकडे येऊ. इंग्रजी व्याकरण जेथे आपल्या भाषांपासून फुटून निघते, त्यांतल्या अनेक जागा प्राण्यांच्या साध्या वाक्यांत दिसतात.

पहिली जागा वचनाची. आपले मूल 'टू कॅट' म्हणते आणि आपण चूक दाखवतो. पण त्याच्या मनात काय चालले आहे ते पाहा. मराठीत मांजर–मांजरे, चिमणी–चिमण्या, घोडा–घोडे असे रूप बदलते. परंतु एक बैल–दोन बैल, एक उंदीर–दोन उंदीर, एक वाघ–दोन वाघ असेही चालते. बंगालीत तर संख्या सांगितल्यावर नामाचे अनेकवचन करण्याची गरजच नसते. 'दोन' म्हटल्यावर पुन्हा शेपूट कशाला, हा मुलाचा प्रश्न तर्काला धरूनच आहे. म्हणून नियम पाठ करवण्याऐवजी कान तयार करावा: कॅट्स, डॉग्ज, फॉक्सेस. एकच प्रत्यय तीन आवाजांत येतो. मुलांना तीन रांगांत उभे करून ज्याचा जो आवाज त्या रांगेत त्या प्राण्याचे चित्र न्यावे. मग अपवाद द्यावेत: 'माउस'चे 'माइस', 'गूस'चे 'गीस', 'ऑक्स'चे 'ऑक्सन'. शेवटी 'शीप' द्यावे, ज्याचे अनेकवचनही 'शीप'च. येथे मराठी मुलाला आपला बैल आठवून द्यावा. 'बैल आला' आणि 'बैल आले' यांत नाम बदलले नाही. संख्या क्रियापदाने सांगितली. 'द शीप इज हिअर' आणि 'द शीप आर हिअर' यांतही हेच घडते. ज्याला इंग्रजीचा लहरीपणा म्हणून आपण मुलांपुढे ठेवतो, ते रोज आपल्या तोंडी असलेल्या मराठीतही आहे.

या प्रकरणात मुंगसाची एक गंमत आहे. इंग्रजीतला 'मंगूस' हा शब्द प्रमुख कोश मराठी 'मुंगूस'पर्यंत नेऊन पोचवतात. तेव्हा 'गूस'चे 'गीस' होते म्हणून 'मंगूस'चे 'मंगीस' होत नाही; होते 'मंगूसेस'. बदकाच्या जातीच्या त्या पक्ष्याशी आपल्या मुंगसाचे काही नाते नाही, हे वर्गातले कोणतेही मूल जन्मभर विसरणार नाही. 'चीता' हा हिंदीतून आणि 'बँडिकूट' म्हणजे घूस हा तेलुगूतून इंग्रजीत गेला, हेही त्यांना सांगावे. ज्या भाषेची मुलाला धास्ती वाटते, त्या भाषेने त्याच्याच घरातून शब्द उसने नेले आहेत, हे कळल्याने धास्ती थोडी तरी ओसरते.

दुसरी जागा लिंगाची. मराठीत कावळा 'तो', चिमणी 'ती' आणि मांजर 'ते'. त्यामुळे 'ही, शी, इट' ही तीन सर्वनामे मराठी मुलाला सोपी जातील असे वाटते, आणि नेमका तेथेच ते फसते. चिमणी ही 'ती', म्हणून प्रत्येक चिमणी 'शी'. कावळा 'तो', म्हणून प्रत्येक कावळा 'ही'. बंगाली मुलाची अडचण वेगळी: त्याच्या भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम पुरते. तमिळ मुलाला मात्र येथे वाट मोकळी असते. कारण तमिळ व्याकरणात 'उयर्तिणै' आणि 'अह्रिणै' असे दोन मोठे वर्ग आहेत, आणि प्राणी दुसऱ्या, म्हणजे विवेकहीन मानलेल्या वर्गात पडतात. इंग्रजी 'इट' त्याला आपलेच वाटेल. एकच धडा, परंतु भारतातल्या तीन वर्गांत तो तीन तऱ्हांनी शिकवला पाहिजे. इंग्रजीची तऱ्हा मुलांना अशी सांगता येईल: रस्त्यावरचे अनोळखी कुत्रे 'इट'; तेच आपण पाळले, त्याला नाव दिले, की 'ही' किंवा 'शी'. मराठीत लिंग शब्दाबरोबर जन्माला येते; इंग्रजीत प्राण्याचे सर्वनाम बरेचसे बोलणाऱ्याच्या जिव्हाळ्यावर ठरते.

तिसरी जागा शब्दक्रमाची. 'मांजराने उंदीर पकडला' आणि 'उंदीर मांजराने पकडला' या दोन्ही वाक्यांत बळी उंदराचाच जातो. कोण कर्ता आणि कोण कर्म हे आपले प्रत्यय सांगतात. इंग्रजीत प्रत्यय नाहीत, जागा आहेत. 'द कॅट कॉट द रॅट' हे वाक्य उलटवून 'द रॅट कॉट द कॅट' केले, की उंदीर मांजराला पकडतो. चित्रे हातात घेतलेल्या दोन मुलांना जागा बदलायला लावा आणि वाक्य मोठ्याने वाचा. वर्ग हसला, तर समजावे की कर्ता आणि कर्म वर्गाला समजले. न हसलेल्या मुलाला कोठे मदत हवी, हेही त्याच क्षणी कळते. कर्ता आणि कर्म ही नावे पुढे केव्हाही शिकवता येतील.

चौथी जागा 'अ' आणि 'द' यांची. हे आपल्याला फार परके वाटते. परंतु आपली प्रत्येक गोष्ट 'एक कोल्हा होता' अशी सुरू होते आणि दुसऱ्या वाक्यात 'तो कोल्हा' येतो. तो पहिला 'एक' म्हणजेच 'अ', आणि 'तो' म्हणजे बहुतेक वेळा 'द'. गोष्ट सांगता सांगता हा भेद आपोआप बिंबतो. 'अ'चे 'ॲन' केव्हा होते हे शिकवायला तर 'ॲन अँट, ॲन आउल, ॲन एलिफंट' अशी फौजच तयार आहे.

पद्धतीविषयी थोडे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात अशी पद्धत मांडली, की विद्यार्थ्याने आधी आज्ञा ऐकावी, शरीराने तिला उत्तर द्यावे आणि तयार झाल्यावर मग बोलावे. 'हॉप लाइक अ फ्रॉग', 'वॉक लाइक ॲन एलिफंट' या आज्ञांना खडूखेरीज काही साधन लागत नाही, आणि न बोलणारे मूलही त्यांत पूर्णपणे सामील असते. त्यानंतर ओळखण्याचा खेळ घ्यावा. एकाने मनात प्राणी धरायचा, बाकीच्यांनी विचारायचे: 'कॅन इट फ्लाय?', 'डझ इट लिव्ह इन वॉटर?' उत्तरे 'येस, इट कॅन' किंवा 'नो, इट डझन्ट'. प्रश्नार्थक रचना एरवी मुलांना फार जड जाते. येथे ती त्यांच्या गरजेची होते, कारण प्रश्न विचारल्यावाचून प्राणी सापडत नाही. वटवाघळापाशी आले की 'बट' हे उभयान्वयी अव्ययही लागते: ते उडते, पण पक्षी नाही. अशा वेळी मुले मराठीत वाद घालू लागली, तर त्यांना थांबवू नये. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही वर्गातल्या अनेक भाषांना साधनसंपत्तीच मानले आहे.

दोन सावधगिरीच्या सूचना करते. प्राणी निर्दोष असले तरी त्यांची नावे निर्दोष नसतात. इंग्रजी गोष्टीत घुबड शहाणे असते. आपल्या अनेक घरांत ते अशुभ मानले जाते. बंगालमध्ये ते लक्ष्मीचे वाहन म्हणून पूज्य आहे. शिक्षकाने हे आधी जाणून असावे. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. आपल्या वर्गांत वाघ असतात, तसे कोल्हे, लांडगे, डुकरे आणि गाढवे या आडनावांची मुलेही असतात. प्राण्यांचा तास अशा मुलाला सर्वांत दुःखाचा होऊ शकतो. आणि आपल्या तोंडून 'डाँकी' हा शब्द एकदा जरी एखाद्या मुलाला उद्देशून गेला, तर त्या दिवशी त्याने इंग्रजीचा तेवढा एकच शब्द शिकलेला असतो, आणि तो त्याला कायमचा लक्षात राहतो.

सारांश असा. प्राणी हे इंग्रजीच्या तासाचे सजावटीचे साहित्य नाहीत. ते मुलाचे स्वतःचे ज्ञान आणि परकी भाषा यांच्या भेटीचे ठिकाण आहेत. तेथे उभे राहण्यासाठी शिक्षकाला उत्तम इंग्रजीइतकीच मुलाच्या भाषेची बारीक ओळख हवी. कारण 'टू कॅट'मागे कोणता बैल उभा आहे, हे ज्याला दिसते, तोच ती चूक न दुखावता सुधारू शकतो. उद्याच्या तासाला तक्ता जरूर लावा. परंतु त्याआधी खिडकी उघडा, बाहेर जो कोणी कावळा किंवा शेळी असेल तिच्याकडे बोट करा, आणि त्या प्राण्याविषयी मुलाला काय ठाऊक आहे ते आधी त्याच्या भाषेत विचारा. इंग्रजी वाक्य तेथूनच सुरू होईल.